मासे धरण्याच्या परवानगीचा अर्ज

नंदकिशोर मुळावकरला पाण्याची भीती होती, वळवळणाऱ्या प्राण्यांची भीती होती आणि साहेबांची तर नोकरीला लागल्या दिवसापासून होती. या तिन्ही भीत्या त्याने बावीस वर्षं एकमेकींपासून लांब ठेवल्या होत्या. यवतमाळात थोडी काळजी घेतली तर ते जमतं. तलावाच्या बाजूला फिरायला जायचं नाही, पावसाळ्यात अंगण झाडायचं ते कुंदाने, आणि साहेबांनी काहीही विचारलं तरी ‘हो साहेब’ म्हणून चटकन केबिनबाहेर पडायचं. पण सरकारने कापूस शेतकऱ्यांसाठी पॅकेज दिलं त्या वर्षी, दसरा होऊन आठवडा झाला असेल, या तिघींची एकाच टेबलावर गाठ पडली. ते टेबल साहेबांचं होतं.

साहेब म्हणजे बागची साहेब, शेतीशी संबंधित एका सरकारी कार्यालयाचे प्रमुख. कार्यालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तिथे अजून माणसं नोकरी करतात. कापसाची ती वाईट वर्षं होती. दर दोन दिवसांनी कोणीतरी पाहणीला यायचं, दर चार तासांनी वरून फोन यायचा, आणि गावोगावच्या वाईट बातम्या तक्त्यात भरून संध्याकाळी पाचच्या आत पाठवायच्या असायच्या. ते तक्ते नंदकिशोर भरायचा आणि बागची साहेब सही करायचे. सही करता करता एका दुपारी साहेबांनी पेन ठेवलं आणि विचारलं, “मुळावकर, यहाँ मछली मिलती है?”

नंदकिशोरच्या सात पिढ्यांत कोणी मासा शिजवला नव्हता. तो म्हणाला, “भरपूर, साहेब.”

साहेबांचं बालपण चंद्रपूरकडे वडिलांशेजारी गळ टाकून बसण्यात गेलं होतं. आता डोकं फुटायची वेळ आली आहे, एक रविवार, फक्त दोन तास पाण्याकाठी बसायला मिळालं तर बरं होईल, असं ते म्हणाले. गावातच कुठे तरी बघा. मात्र कोणाला कळता कामा नये. जिल्हा होरपळतोय आणि अधिकारी मासे धरतोय, असा फोटो पेपरात आला तर दोघांचीही नोकरी संपली. एवढं बोलून त्यांनी पुढची फाईल ओढली आणि झरी जामणीची जागा रिकामी आहे, महिनाअखेर एक नाव द्यायचं आहे, असंही ते म्हणाले.

ही दोन वाक्यं एकमेकांशी संबंधित नसतीलही. साहेब फाईल वाचता वाचता मोठ्याने विचार करत असतील. पण नंदकिशोरने घरी पोचेपर्यंत त्यांची गाठ मारली आणि जेवताना ती आणखी घट्ट केली. मासे मिळाले नाहीत तर झरी. झरी म्हणजे जिल्ह्याचं शेवटचं टोक, जंगल, दिवसाला दोन एस.टी. आणि त्यातली एक बंद पडलेली. इथे स्वतःचं घर होतं, कुंदाचा गाण्याचा क्लास होता, त्यात बावीस मुलं होती. मुलगी स्पृहा नागपूरला हॉस्टेलवर होती, ती शनिवारी सकाळी निघून दुपारी जेवायला घरी पोचायची. हे सगळं एका माशावर येऊन ठेपलं, असं त्याला वाटलं, आणि त्याने ताटात भात तसाच ठेवला. कुंदाने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कार्यालयातल्या रूपसिंग शिपायाला बाजूला घेतलं. एका नातेवाइकाला शौक आहे, असं सांगितलं. रूपसिंगचं अर्धं आयुष्य पूस नदीच्या काठी गेलेलं, त्याने डबा खाता खाता सगळं शास्त्र समजावून दिलं. “बाबू, रोहू पाह्यजे असन तं पानी बारा हात खोल पाह्यजे. आन् मेन म्हंजे चूप बसा लागते. घंटा घंटा बोलाचं नाही, हलाचं नाही, कोनी हाक मारली तं वळून पाह्यचं नाही.” आपल्याला हे साहेबांशेजारी बसून करावं लागणार, हे नंदकिशोरच्या ध्यानात आलं. म्हणून त्याने सराव सुरू केला. संध्याकाळी अंगणात स्टूल टाकून, हातात झाडूची काडी धरून, तो नाकासमोर बघत तासभर बसायचा. कुंदाने दोनदा चहाला हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. क्लासची मुलं सा-रे-ग-म म्हणता म्हणता त्याच्याकडे बघायची, मग कुंदा खिडकी लावून घ्यायची.

गांडुळांचं प्रकरण त्याहून वाईट झालं. गळाला काहीतरी लावावं लागतं, हे रूपसिंगने सांगितलं होतंच. पहाटे तो मोरीच्या मागे चमच्याने माती उकरत होता, डोळे मिटून, आणि शेजारचे नानाजी कुंपणावरून बघत होते. नानाजी कापसाच्या जीनिंगमधून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांना वेळ भरपूर आणि मतं त्याहून भरपूर. नंदकिशोरने घाईघाईने सांगितलं की गांडूळखत करतो आहे. दुपारपर्यंत गल्लीतल्या तीन घरांतून गांडुळं आली, एक तर भरल्या कुंडीसकट. नानाजी स्वतः शेण घेऊन आले आणि खड्डा किती बाय किती असावा यावर उभ्याने पाऊण तास बोलले. शेवटी परसदारी खरोखरच खड्डा खणावा लागला. नंदकिशोर त्या खड्ड्याच्या काठावर पांढराफटक पडून उभा होता, ते नानाजींनी नीट पाहून ठेवलं.

जागा ठरली जुनी खदान. वस्तीला लागूनच, पूर्वी दगड काढत तिथे पाणी साचून तलाव झाला होता. आता कोणी म्हणेल, जायचं आणि गळ टाकायचा. पण नंदकिशोरने आयुष्यात परवानगीवाचून काही केलेलं नव्हतं. साखरपुडा झाल्यावर कुंदाला पहिलं पत्र लिहिलं, तेही आधी सासऱ्यांना विचारून. उद्या कोणी साहेबांना हटकलं तर कागद दाखवायला हवा, आणि त्या कागदावर साहेबांचं नाव तर नको. म्हणजे अर्ज स्वतःच्या नावाने करणं आलं.

पहिल्या कार्यालयात सांगण्यात आलं की पाणी आमचं आहे, मासे आमचे नाहीत. दुसऱ्या कार्यालयात मासे त्यांचे निघाले, पण तीन वर्षांसाठी ते मच्छीमार संस्थेला दिलेले होते. संस्थेचे सचिव पान लावत म्हणाले की जाळं असेल तर नियम आहे, होडी असेल तर नियम आहे, गळाला नियमच नाही, तेव्हा परवानगी देताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. तो पुन्हा पहिल्या कार्यालयात आला. तिथला आवक-जावकचा कारकून कनवाळू होता, त्याने नंदकिशोरच्या अर्जावर स्वतः लाल पेन चालवलं. मासे हा शब्द काढा, तो दुसऱ्या खात्याचा विषय आहे. ‘करमणुकीसाठी’ तर बिलकूल नको, या वर्षी करमणूक कोण मंजूर करेल. ‘मानसिक शांतीसाठी’ लिहा. शिवाय पाण्याजवळ जायचं तर हमीपत्र जोडावं लागतं, त्याचा मसुदाही त्यानेच सांगितला.

नंदकिशोरने तो अर्ज सुरेख अक्षरात लिहून काढला. ‘मी खालील सही करणारा, रविवार दिनांक पंधरा रोजी सकाळी, मानसिक शांतीसाठी, जुन्या खदानीच्या खोल भागाकडे जाऊ इच्छितो. माझे काही बरेवाईट झाल्यास त्यास कोणीही जबाबदार राहणार नाही. तरी कृपया परवानगी मिळावी, ही विनंती.’ एक प्रत कार्यालयाला दिली, एकावर पोच घेतली आणि ती पोच शर्टाच्या खिशात ठेवली. बऱ्याच दिवसांनी एक काम मार्गी लागल्याचं त्याला बरं वाटलं.

राहिली खोली. बारा हात पाणी आहे की नाही हे मोजलं नाही आणि साहेब गुडघाभर पाण्यात गळ टाकून बसले, तर झरीची ऑर्डर त्याच काठावर हातात पडायची. म्हणून शुक्रवारी सकाळी सात वाजता, घरातला वाळत घालायचा दोर पिशवीत घालून, तो खदानीवर गेला. काठावर त्याने एक भरभक्कम दगड शोधून दोराला बांधला. मग पाण्याकडे पाहिलं. काळंशार पाणी, तळ दिसत नव्हता. हात असे कापतात तर दोर हातातून सुटणार, घरचा दोर जाणार आणि कुंदा विचारणार, या भीतीने त्याने दोराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला दोन वेढे घालून पक्कं बांधलं. मग दगड पोटाशी धरला, डोळे मिटले आणि रामरक्षा म्हणायला लागला.

संस्थेचा चौकीदार धावजी तिथे झोपडीत राहायचा. तो चहाचा कप टाकून जो धावला तो नंदकिशोरला कवेत घेऊन दहा फूट मागे नेऊनच थांबला. मग त्याच्या छातीवर बसला.

“काहून रे बापू,” तो धापा टाकत म्हणाला, “घरी कोनी नाही का तुले?”

नंदकिशोरला सांगायचं होतं. पण काय सांगायचं. मासे म्हटलं तर कोणासाठी हा प्रश्न आला, आणि तोवर चार सायकली, दोन दूधवाले आणि एका पेपरचा वार्ताहर जमा झाला होता. वार्ताहराच्या गळ्यात कॅमेरा होता. तो कॅमेरा बघून नंदकिशोरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. धावजीने मान हलवली आणि झोपडीच्या दारावर चिकटवलेलं सरकारी पत्रक लोकांना दाखवलं. ‘खालील लक्षणे दिसल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये: जेवण कमी होणे, तासन्तास एकटे बसणे, हाक मारल्यास उत्तर न देणे, पाणवठ्याजवळ घुटमळणे, विचारल्यास कारण न सांगणे.’ ते पत्रक नंदकिशोरनेच गेल्या महिन्यात तयार केलं होतं. बाराशे प्रती, सगळ्या चौकीदारांना, कोतवालांना आणि कंडक्टरांना. काम चोख झालं होतं यात शंका नाही.

त्याला धावजीच्या सायकलवर पुढच्या नळीवर बसवून घरी आणण्यात आलं. मागे चार सायकली. कमरेचा दोर कोणी सोडला नव्हता, त्याचं टोक धावजीने हँडलला गुंडाळून घेतलं होतं. गल्लीच्या तोंडाशी नानाजी उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते सगळ्यांना सांगू लागले की खड्डा खणला तेव्हाच त्यांना शंका आली होती.

कुंदा दारात आली. तिने नंदकिशोरला आत नेलं, दोर सोडला, शर्ट काढून घेतला आणि धुवायला टाकायच्या आधी सवयीने खिसा तपासला. अर्जाची पोच तिने दोनदा वाचली. एरवी ती पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची, क्लासमधल्या मुलांच्या कानाला वळण लागावं म्हणून. घाबरली की माहेरचं राळेगाव तोंडात यायचं.

“तुम्ही मले सोडून जायची परवानगी मांगितली?” ती म्हणाली. “शिक्का मारून?”

नंदकिशोर म्हणाला, तसं नाही. मग कसं, तिने विचारलं. त्याला कॅमेरा आठवला, साहेब आठवले, झरी आठवली. कुंदाला सांगितलं की ती नानाजींच्या बायकोला सांगणार, तिथून गल्लीला, तिथून पेपरला. तो गप्प बसला. आयुष्यात त्याने घेतलेला हा सगळ्यात चुकीचा निर्णय होता, आणि तो घेताना त्याला आपण फार धोरणी आहोत असं वाटत होतं.

पुढचे नऊ दिवस गल्लीने त्याला हातावर झेललं. नानाजी रोज सकाळी येऊन बसत आणि जीनिंगमधल्या गमतीजमती सांगत, ज्यात गंमत नसायची. घरातला दोर नाहीसा झाला, मागोमाग फिनेल, मग भाजी चिरायची सुरी. कुंदा तीन दिवस भाजी हाताने मोडत होती. तो आंघोळीला गेला की ती दाराबाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी ‘पाणी गरम आहे ना’ विचारायची. क्लास बंद झाला. स्पृहा नागपूरहून आली, बापाला मिठी मारून रडली आणि परत गेली. समुपदेशनासाठी प्रेरणा नावाची एक तरुण बाई प्रश्नावली घेऊन आली. ती प्रश्नावलीही नंदकिशोरनेच टाईप केलेली, त्यामुळे कुठे काय म्हणायचं ते त्याला पाठ होतं. त्याने सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ असं ठणकावून सांगितलं. मग त्याला तळटीप आठवली. सर्व उत्तरे ‘नाही’ आल्यास विशेष लक्ष द्यावे. बाईने ती खाली रेघ मारून वाचली.

साहेबांनी काही विचारलं नाही, निरोपही पाठवला नाही. ती शांतता त्याला सगळ्यात जास्त भेडसावत होती. रविवार पंधरा तारीख येऊन गेली. कोणी गळ टाकला नाही, कोणी मासा धरला नाही. महिनाअखेर जवळ येत होती, आणि नंदकिशोर अंथरुणावर पडून बोटांवर दिवस मोजायचा. ते मोजतानाही कुंदाने पाहिलं.

दहाव्या दिवशी कुंदाने इस्त्रीची साडी नेसली, नानाजींना नंदकिशोरजवळ बसवलं आणि ती थेट बागची साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिथे काय झालं ते रूपसिंगने दाराच्या फटीतून ऐकलं. ती म्हणाली की हा माणूस रोज त्या तक्त्यांमध्ये गेलेल्या लोकांची नावं लिहितो, घरी येऊन जेवत नाही. त्याला इथून काढा. कुठेतरी शांत पाठवा, जंगलात पाठवा, फोन लागणार नाही तिथे पाठवा. झरीची जागा रिकामी आहे असं ऐकलं, तिथे द्या. मी सोबत जाईन. घराला कुलूप लावीन, क्लास बंद करीन, माझी काही तक्रार नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. जुन्या खदानीवर, दगड, दोर, असं ते स्वतःशीच पुटपुटले, आणि रूपसिंग शपथेवर सांगतो की त्यांच्या तोंडून ‘मछ’ एवढं निघालं होतं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, व्हरांड्यात तो वार्ताहर बाकावर बसला होता, आणि साहेबांनी तोंड मिटलं. ऑर्डरवर लगेच सही झाली.

कुंदा ऑर्डर घेऊन घरी आली. नानाजींना चहा देऊन वाटेला लावलं. मग तिने तो कागद नंदकिशोरच्या मांडीवर ठेवला आणि आता तरी बरं वाटेल, अशा आशेने त्याच्याकडे पाहिलं. नंदकिशोरने कागद वाचला. झरी जामणी. ज्या एका शब्दासाठी त्याने हे सगळं केलं होतं, तो शब्द, साहेबांच्या सहीनिशी. आता घाबरायला काही शिल्लक नव्हतं, आणि त्या धक्क्यानेच असेल, त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेब, मासे, रूपसिंग, गांडुळं, लाल पेन.

कुंदाने ऐकून घेतलं. पण तिचा विश्वास बसला नाही. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

“मासे,” ती म्हणाली. “तुम्ही.”

“हो.”

“मंग दगड कमरेले काहून बांधला?”

“दोर हातातून सुटला असता.”

“तिथं बाभूळ आहे काठावर. धावजी सांगत होता. तिले बांधता आला असता दोर.”

“ती पालिकेची आहे,” नंदकिशोर म्हणाला. “तिची परवानगी घेतलेली नव्हती.”

कुंदाचा हात त्याच्या कपाळावर तसाच राहिला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. खोटं बोलणाऱ्या माणसाला हे उत्तर सुचणं शक्य नाही, मरायला निघालेल्याला तर नाहीच. हे उत्तर जगात एकाच माणसाचं होतं, आणि ते तिचं होतं. ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पदर तोंडाला लावला, आणि मग ते हसणं राहिलंच नाही. दहा दिवस तिने डोळ्यांत पाण्याचा थेंब येऊ दिला नव्हता. आता ती अशी रडली की नानाजी पुन्हा कुंपणाशी आले. नंदकिशोर घाबरला. या साऱ्या प्रकरणात तो इतक्यांदा घाबरला होता, पण तो सगळ्या वेळी स्वतःसाठी घाबरला होता. हिचं काय झालं असेल दहा दिवस, हे त्याच्या मनात आत्ता पहिल्यांदा आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. तसं तो बोललाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. ऑर्डर रद्द करून घेता येईल का, असं त्याने चाचरत विचारलं. कशी करणार, कुंदा म्हणाली, कारण काय लिहिणार. मासे लिहिलं तर साहेब जातात, तुम्ही जाता. आणि मासे नाही लिहिलं तर तुम्ही आजारी आहात. यातून वाट नव्हती, हे बावीस वर्षं अर्ज लिहिलेल्या माणसाला पटायला वेळ लागला नाही. दोघं उठून सामान काढायला लागले. पेटी कशी न्यायची, तुळस इथेच ठेवायची की सोबत, नळाचं कनेक्शन बंद करायचं की नाही, असं बोलत ते बांधाबांध करत राहिले. कुंदाचं बोलणं हळूहळू पुन्हा शुद्ध होत गेलं.

“तिथल्या क्वार्टरच्या अंगणात विहीर आहे म्हणतात,” ती चादर घडी करता करता म्हणाली.

“आहे. रूपसिंग सांगत होता, पाणी गोड आहे.”

“त्यावर आधी झाकण बसवून घ्या.”

“कुंदा, तुला पटलं ना सगळं?”

“पटलं,” ती म्हणाली. “पण झाकण बसवा.”